फ्रिजवरचे दोन कागद

२ नोव्हेंबर, रविवार

ही वही माझ्यासाठी नाही, कोळ्यासाठी आहे. आमच्या मुलीची, पूर्वीची, तशी आज्ञा आहे. तारीख घालायची, काय खायला दिलं ते लिहायचं, खाल्लं की नाही ते लिहायचं. "आई, तुझं काहीबाही लिहू नकोस, फक्त नोंद." माझ्याच पोटची, तरी मला ओळखत नाही.

तर नोंद. आज दुपारी ती नाशिकहून आली. तिथे ती फिजिओथेरपी शिकते, तिसरं वर्ष. सोबत तिने एक औषधाच्या बाटलीएवढी पारदर्शक बरणी आणली. आत ओला नारळाचा भुसा आणि त्यावर आठ पायांची एक टिकली. टॅरंट्युला नावाच्या मोठ्या कोळ्याचं बाळ. मैत्रिणीने दिलेलं. तिच्या खोलीच्या मालकिणीने ते पाहिलं आणि गल्ली डोक्यावर घेतली, म्हणून त्याची रवानगी आजोळी. नाव 'टिकली'. मी त्याला जावईबापू म्हणणार. येतो, बसतो, काही करत नाही, आणि सगळं घर त्याच्या खाण्यापिण्याच्या काळजीत.

जाताना तिने फ्रिजवर दोन कागद चिकटवले. डावा जावईबापूंचा, उजवा दाजींचा.

दाजी माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. नाकातली नळी गेल्या आठवड्यात काढली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू तोंडाने द्या, जानेवारीपर्यंत तग धरला तर वॉकर धरून उभे राहतील. पूर्वीने त्यांच्या डाव्या हातात हात घालून सांगितलं, "आजोबा, संक्रांतीला ओटीवर बसून पतंग बघायचे." दाजींनी तिचा हात दाबला. त्यांच्याकडे आता तेवढंच बोलणं उरलंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

जावईबापूंना पहिलं जेवण. पूर्वीने एका डब्यात गव्हाचा कोंडा आणि त्यात पिवळे किडे ठेवलेत. एक किडा चिमट्याने उचलायचा, नखं कापायच्या कात्रीने अर्धा करायचा, अर्धा भुशावर ठेवायचा. मी बी.ए. आहे, शाळेच्या कचेरीत एकोणीस वर्षं नोकरी केली, आणि आज डोळे मिटून किडा कापला. खाल्ला. चोवीस तासांत उरलेलं काढायचं असं कागदावर आहे, म्हणून उद्याचा गजर लावला.

दाजी: नाचणीची दाट पेज, सहा चमचे. पातळ काही द्यायचं नाही, उजव्या कागदावर आहे. पलंगावर बसवायला मनोज लागतात. माझे यजमान. सकाळी त्यांची कशेळीच्या गोदामावर ड्युटी, म्हणून सहालाच बसवून घेतलं. जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं म्हणते पूर्वी. ठेवले.

९ नोव्हेंबर, रविवार

जावईबापू: अर्धा किडा, खाल्ला. भुशाच्या एका कोपऱ्यावर दोन थेंब पाणी, खूप नाही, बुडून मरतं म्हणे. घरात डासांची अगरबत्ती बंद. फवारा बंद. आम्ही डास खातो, म्हणजे डास आम्हाला खातात.

दाजी: मऊ भात कुस्करून, आठ चमचे. नंतर तोंड मिटून घेतलं. मी थांबले. कागदावर पाचवा नियम तोच आहे: नको म्हणाले की थांबायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जावईबापूंनी खाल्लं नाही. किडा जसाच्या तसा. मी बरणी कानाशी धरली, जणू ते कारण सांगणार.

पूर्वीला फोन केला. ती हसली. "आई, नको तर नको. भूक तिची तिला कळते. काढून टाक आणि चार दिवसांनी पुन्हा ठेव."

"आणि मेलं तर?"

"उपाशी राहून नाही मरत ते. जबरदस्तीने मरतं."

कोळ्याचं बरं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज पडघ्याहून राहीआत्या आल्या. दाजींची धाकटी बहीण, सत्तरीच्या, आवाज हायवेच्या पलीकडे जाईल असा. पिशवीत चिंबोऱ्या, म्हणजे खाडीचे खेकडे, गवती चहा, आणि माझ्यासाठी नेहमीचं प्रमाणपत्र. पलंगाशी उभ्या राहिल्या, दाजींच्या अंगावरची चादर बाजूला केली आणि बरगड्यांवरून हात फिरवला.

"काय गो रंजिता, दादाला खायाला देतंस का न्हाय? हाडां दिसतान सगली."

"देते ना आत्या. दाट पेज, मऊ भात..."

"पेज! बारक्या पोराला देतान ती? या मानसानं आख्खी टोपली चिंबोऱ्या खाल्लेली हाय एका बैठकीला!" मग खिडकीकडे तोंड करून, म्हणजे शेजारच्या मेघालीला ऐकू जाईल असं, "सासरा बोलत न्हाय म्हनून कुनाला काय कलनार न्हाय, असा समजू नको."

मी उलट उत्तर न देता चादर नीट केली. असं क्वचितच घडतं, म्हणून नोंद.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्या पंगतीत मी 'बस' म्हणाले. ताटात आणखी दोन भाकऱ्या पडल्या. तेव्हा कळलं, इथे 'बस' म्हणजे 'वाढा' असा अर्थ आहे. पाहुणा पोट धरून उठला नाही तर घराची बेअब्रू. सव्वीस वर्षांत मी या पंगतीत इतकी मुरले की स्वतःच दुसऱ्यांची ताटं ओढून वाढते. समोरच्या शेतात आता गोदामं आहेत, भात नाही, पुठ्ठ्याचे खोके पिकतात, पण भरवण्याची हौस तशीच ओली आहे.

संध्याकाळी मेघाली साखर मागायला आली. जाताना म्हणाली, "आजोबा बारीक झाले हां, काकी." साखर तिच्या घरी भरपूर आहे, मला माहीत आहे.

जावईबापू: ठेवलं नाही. भुशात बीळ करून तोंडाशी जाळं विणलंय. दार लावून घेतलेला जावई.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दाजी: भात, वरण, बारा चमचे. आठ झाल्यावर तोंड मिटलं. मग मी पूर्वीला लहानपणी भरवायचे तसं केलं. हा घास काऊचा, हा चिऊचा, हा पूर्वीचा. पूर्वीचं नाव घेतलं की तोंड उघडतात. हे त्या कागदावर लिहिलेलं नाही. असल्या गोष्टी कॉलेजात शिकवत नाहीत.

थोडा ठसका लागला. रस्त्यावर सारखे कंटेनर, धूळ नुसती. खिडकी लावून घेतली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

जावईबापू: काल अर्धा किडा ठेवला होता, नको. चोवीस तासांनी काढला. सलग दोनदा.

दाजी: सकाळी पेज, दुपारी भात-वरण पातळ करून (दाट असलं की गालात साठवून ठेवतात, हट्टी झालेत), संध्याकाळी मनोजने बशीतून चहा पाजला. मी म्हटलं, चहा नको म्हणाली ना पूर्वी. मनोज म्हणाले, "बाबाला चाय कोन बंद करनार? बघ कसा बघतो बशीकडे." खरंच बघत होते. चहा पिऊन खोकले. डोळ्यांत पाणी आलं. मनोज म्हणाले, आनंदाने.

२३ नोव्हेंबर, रविवार

रविवारी आमच्याकडे दर्शन असतं. आज अकरा माणसं. जो येतो तो हातात काहीतरी घेऊन येतो आणि एक चमचा दाजींच्या तोंडात घातल्याशिवाय जात नाही. मनोजचा चुलतभाऊ प्रितेश म्हणाला, "माझ्या हातचं एक, दाजी. नायतर मी जेवनार नाय." जावई नाही, पण रुसवा तोच. गावातले चिंधूकाका शहाळं घेऊन आले. प्रत्येकाला वाटतं, आपला एक चमचा राहून जायला नको. मीही मोजत होते: रव्याची खीर, शहाळं, निवट्या माशांचा रस्सा, मोसंबीचा रस. दिवसभरात पोट चांगलं भरलं. दर वेळी बसवायला कुणाला सांगणार? उशीखाली उशी घेतली, तेवढं पुरतं.

राहीआत्या खूश. "आता कसा! तोंडावर पानी आला दादाच्या."

फ्रिजवरचे कागद बघून म्हणाल्या, "यो दुसरा कसला?" मी सांगितलं, कोळ्याचा. त्यांनी बरणी पाहिली आणि कपाळाला हात लावला. "टाक त्या बाहेर. घरात आजारी मानूस आनि हिनं कोली पाललाय."

त्यानंतर जावईबापूंच्या खोलीत मी कुणाला जाऊ दिलं नाही. हादरा बसलेला चालत नाही त्यांना. डाव्या कागदावर तसं आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जावईबापू: किडा ठेवला, नको. तिसऱ्यांदा. पोट काळं आणि चकचकीत दिसतंय. पूर्वीला फोटो पाठवला. तिचं उत्तर: "वा! कात टाकणार! आता काहीही ठेवू नकोस. एकटं सोड."

दाजी: बोलता येत नाही, पण जेवल्यावर घशातून एक आवाज येतो, ओला, गुळगुळ असा. मेघाली म्हणते, कफ आहे. मी रात्री छातीला ओव्याची पुरचुंडी शेकली.

३० नोव्हेंबर, रविवार

आज नऊ माणसं. संध्याकाळी अंग कोमट लागलं. थकले असतील, इतक्या लोकांत.

२ डिसेंबर, मंगळवार

भिवंडीहून डॉक्टर खालिद आले. दाजींचे जुने मित्र, वीस वर्षं आमच्या घरचं बघतात. स्टेथोस्कोप लावून छाती तपासली, बराच वेळ.

"भाभी, जेवताना ठसका लागतो का?"

"कधीतरी. धुळीने लागतो."

"जेवतानाच, की मध्येही?"

"थंडी आहे ना डॉक्टर, आणि समोर हे ट्रक..."

"बसवून भरवता ना? अगदी सीधा?"

मी हो म्हटलं. बसवतोच की. उशी असते.

मनोज मध्येच म्हणाले, "डागदर, खातो चांगला हां. आमच्या हिनं वजन वाढवलाय बाबाचा." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, ताप चढला तर लगेच फोन करा, एक्सरे काढू. चहाला थांबले नाहीत. आमच्या घरी कुणी चहाला थांबत नाही असं होत नाही. मला जरा लागलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

पूर्वीचा व्हिडिओ कॉल. आधी बरणी दाखव म्हणाली, मग आजोबा. मी फोन दाजींसमोर धरला. ते तिच्याकडे बघत राहिले आणि मग डावा हात उचलून तोंडाशी नेला, आणि तळहात आडवा धरला. तीनदा.

"काय म्हणतात ते?" पूर्वीने विचारलं.

"भूक लागली म्हणतात. हल्ली खाण्याचं फार झालंय त्यांना."

"आई, कागदावरचं पाळतेस ना?"

"शब्दन् शब्द."

कोळ्याबद्दल बोलत असतील तर ते खरं आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

दाजींनी आज चमचा दातांत धरून ठेवला. सुटेना. मी गाल दाबून सोडवला. नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहणं मी या माणसाचं कधी पाहिलेलं नाही. आमच्या लग्नात वऱ्हाडाला जेवण कमी पडलं तेव्हा स्वतःचं ताट उचलून देणारा हा माणूस. मी म्हटलं, "दाजी, रागावू नका. लोक मला नावं ठेवतात." डोळे मिटून घेतले त्यांनी. मग तोंड उघडलं.

सगळं संपवलं. चौदा चमचे.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी साडेअकराला जावईबापू उताणे.

आठही पाय वर. मी किंचाळले नाही, कारण डाव्या कागदावर ठळक अक्षरांत आहे: उताणं पडलं तर मेलेलं नाही, कात टाकतंय. हात लावायचा नाही, हलवायचं नाही, फुंकायचं नाही, काही खायला ठेवायचं नाही. नुसतं राहायचं.

मी पंखा बंद केला, दार लावलं, स्टूल ओढून बसले. इतकं गप्प मी कधी बसले नव्हते. पाय असे हलत होते, जणू अंगातून अंग ओढून काढतंय. जुनं कातडं वरून उचकटलं. आतून ओलं, दुधासारखं काहीतरी सरकायला लागलं.

बाराला राहीआत्यांनी दार वाजवलं. चिंबोऱ्यांचा रस्सा करून आणला होता. "दादाला गरम गरम देऊ चल."

मी दार किलकिलं करून हळू आवाजात म्हटलं, "आज तुम्हीच भरवा आत्या. मला उठता यायचं नाही."

"मंग मनोज हाय ना. दे, आमी भरवतो."

बाहेरून त्यांचा आवाज येत होता. "घे रं दादा. आजून एक. बहिनीच्या हातचा हाय." मग खोकला. मी ऐकला. रोजचाच, असं वाटलं. इकडे एक पाय अडकला होता, बाकी सात बाहेर आले होते. मी श्वास धरून त्या पायाकडे बघत होते. पुन्हा खोकला, लांबलेला. मग थांबला. मला वाटलं, थांबला.

आठवा पाय सुटला. मनोजची हाक आली.

१३ डिसेंबर, शनिवार

ठाण्याच्या दवाखान्यात. तोंडावर मास्क. डॉक्टर तरुण मुलगी आहे, पूर्वीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. एक्सरे उजेडात धरून म्हणाली, "फुप्फुसात अन्न गेलंय. हे कालचं एकट्याचं नाही. बरेच दिवस थोडं थोडं जात असणार. घरी कोण भरवतं?"

मनोजने माझ्याकडे बोट केलं. अभिमानाने. त्यांना प्रश्न कळला नव्हता.

१७ डिसेंबर, बुधवार

दाजी गेले. पहाटे सव्वाचारला. पूर्वी पोचली तेव्हा हात गरम होता. तिने तो धरला. दाबला गेला नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

घर माणसांनी भरलंय. जो येतो तो माझ्या डोक्यावरून हात फिरवतो. "सून असावी तर अशी." "शेवटच्या दिवसापर्यंत भरवला." प्रितेश मोठ्याने रडला, म्हणाला, माझ्या हातचं खाल्लं होतं दाजींनी. मेघालीने पिठलं-भात पाठवला.

राहीआत्या माझ्या गळ्यात पडून म्हणाल्या, "पोट भरून गेला गो माझा दादा. उपाशी न्हाय गेला." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "हिनं न्हाय जाऊ दिला उपाशी."

पूर्वी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. मी पदर नीट केला.

२६ डिसेंबर, शुक्रवार

दहावा. खाडीवर पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर बसले होते, उतरेनात. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, सांगा त्यांना. मनोजने हात जोडून सांगितलं, बाबा, घर सांभालू. चिंधूकाकांनी सांगितलं, शहाळं आणतो दर वर्षाला. राहीआत्यांनी चिंबोरीही ठेवली पत्रावळीवर. "घे रं दादा. एक तरी. माझ्यासाठी."

पाऊण तास सगळे हात जोडून कावळ्यांना आग्रह करत होते. मी बाजूला उभी होते. मला एकदम त्या आडव्या तळहाताची आठवण झाली. तोंडासमोर, तीनदा. मी पुढे गेले आणि म्हटलं, "दाजी, नको असेल तर राहू दे. कुणी काही म्हणणार नाही."

माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. कावळा उतरला की नाही ते मी पाहिलं नाही. म्हणतात, उतरला.

२८ डिसेंबर, रविवार

तेरावा उद्या आहे. परवा पूर्वी नाशिकला जाणार. आज बरणी बघत म्हणाली, "कात टाकून दोन आठवडे झाले. खायला दिलंस?"

"नाही."

"आता देऊ शकतेस. आणि वही दे ना. नोंद बघते, कधीपासून खाणं सोडलं होतं ते."

मी म्हटलं, देते. मग आत येऊन ही पानं चाळत बसले. वाटलं होतं, कोळ्याची पानं वेगळी काढून द्यावीत. निघत नाहीत. एकाच पानावर दोघं आहेत. वर 'ठेवलं, नको, काढून टाकलं' आणि खाली 'ठसका'. तेरा नोव्हेंबरला कोळी जेवायचा थांबला, अठरा नोव्हेंबरला मी थांबायची थांबले. ताप, आवाज, दातांतला चमचा, सगळं तारखेनिशी माझ्याच अक्षरात. डॉक्टर खालिदना मी काय सांगितलं तेही. इतकी चोख नोंद मी शाळेच्या कचेरीत कधी ठेवली नव्हती.

मनोज विचारत होते, काय वाचतेस. म्हटलं, कोळ्याचं.

फाडता येतील. चूल नाही, पण गॅस आहे.

वही बरणीशेजारी ठेवते आहे. ती उठली की घेईल.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळी वही जागेवर नव्हती. दुपारी तेराव्याची पंगत उठल्यावर पुन्हा बरणीशेजारी होती. फ्रिजवर आता एकच कागद आहे, डावा. उजव्याच्या जागी चिकटपट्टीचे चार कोपरे राहिलेत.

जावईबापू: अर्धा किडा. खाल्ला.

रात्री आम्ही दोघीच जेवायच्या राहिलो होतो. पूर्वीने मला वाढलं. भात, वरण. दुसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा मी म्हटलं, बस.

तिने भातवाढी तशीच मागे घेतली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

या घरात असं पहिल्यांदाच झालं. मी ताटावर बसून राहिले. भूक होती. मागता आलं नाही.